मॉडेल खेळण्यासारखं दिसतंय? मॉडेलपेक्षा आधी वेग, लेन्स आणि प्रकाश तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ मिनिटांची विज्ञान-लघुफिल्म, बजेट दहा हजार, हाताशी एक मोबाइल आणि जुना डीएसएलआर. महत्त्वाचे शॉट दोन. एकात मंगळाच्या मातीवरून धूळ उडवत जाणारी रोव्हर, दुसऱ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून सरकत जाणारं मोठं यान. दोन्ही मॉडेलं मन लावून बनवली आहेत, पण चाचणी शॉटमध्ये ती खेळणी वाटतात. मग मॉडेलवर आणखी बारकावे चढवायचे का?

नाही, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या वर्णनावरून मॉडेल पुरेसं चांगलं आहे. वस्तू लहान आहे हे डोळ्याला तीन गोष्टींवरून कळतं: ती किती पटकन हलते आणि पडते, तिच्या पुढेमागे किती भाग धूसर होतो आणि सावलीच्या कडा किती मऊ आहेत. या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या बाजूच्या आहेत. त्या जुळल्या की सनबोर्डचा डबाही मोठा वाटतो.

आधी रोव्हर, कारण तिथं हिशोब चुकला तर बाकी काहीच उपयोगाचं नाही. साडेतीन मीटरची गाडी १/२५ प्रमाणात १४ सेमीची होते. उडालेला खडा मॉडेलमध्ये २५ पट कमी उंचीवरून पडतो, पण गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं, म्हणून तो ५ पट लवकर खाली येतो (२५ चं वर्गमूळ). पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम चालतात, म्हणून पृथ्वीवरचा प्रसंग असता तर २४ × ५ = १२० फ्रेम प्रतिसेकंद पुरले असते. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.३८ पट आहे, म्हणून २५ ला ०.३८ ने भागून वर्गमूळ काढायचं. ते ८.१ येतं, म्हणजे साधारण १९५ फ्रेम. मोबाइलवर २४० फ्रेमचा पर्याय असेल तर त्यात शूट करा, एडिटिंगमध्ये एकही फ्रेम न गाळता २४ च्या टाइमलाइनवर आणा (चित्र दहापट संथ होतं) आणि मग वेग १२०-१२५ टक्के करा. फक्त १२० फ्रेम मिळत असतील तर मॉडेलच मोठं घ्यावं लागेल, १/१० च्या आसपास, म्हणजे ३५ सेमी लांब.

ओढण्याचा वेगही त्याच हिशोबातून काढा. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. २५ ने भागून ८.१ ने गुणलं की सेकंदाला १.६ मीटर. मॉडेल इतक्या जोरात ओढायचं हे पाहून बहुतेक जण बिचकतात आणि हळू ओढतात. मग पडद्यावर गाडी तरंगल्यासारखी सरकते. पडद्यावरच्या चार सेकंदांत मॉडेल फक्त ८० सेमी जातं आणि प्रत्यक्ष शूटिंग अर्ध्या सेकंदात संपतं. पुढेमागे ३० सेमी धाव धरून ५ × ३ फुटांचा प्लायवुड पुरतो. पुढच्या आसाला तंगूस बांधा, तो मातीखालून न्या आणि बोर्डच्या कडेला ड्रिल मशीनवर बसवलेल्या ६ सेमी व्यासाच्या रिळावर गुंडाळा. मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास हवा तो वेग येतो. टेबलावरून वजन सोडून ओढू नका, त्यात गाडीचा वेग वाढत जातो.

हलकं मॉडेल खडा लागला की टुणकन उडतं आणि तिथंच सगळं उघडं पडतं. दोन आसांच्या मध्ये, शक्य तितक्या खाली, २००-३०० ग्रॅम वजन भरा. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं किंवा नट-बोल्ट चालतील. आस थेट चासीला चिकटवू नका, मध्ये मऊ फोमचा पातळ तुकडा ठेवा. मग चाकं खड्ड्यात जातात आणि धड मागाहून झुलतं. वजनदार गाडीची ओळख या झुलण्यात आहे.

जमीन थर्माकोलचे उंचवटे, त्यावर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे दोन थर आणि वर मातीचा फक्त २-३ मिमी थर अशी बांधा. त्याला पाचेक किलो माल लागतो. मिश्रण: चार भाग पांढरी रांगोळी, एक भाग गेरू, वस्त्रगाळ करून. धूळ हवेत रेंगाळायला दहा भागांत एक भाग टाल्कम पावडर मिसळा. पावसाळ्यात हे मिश्रण ओल धरतं आणि चाकामागे ढेकळं उडतात, म्हणून शूटच्या आधी उन्हात पसरा किंवा तव्यावर कोरडं करा. लक्षात ठेवा, १ मिमीचा कण पडद्यावर अडीच सेमीचा खडा होतो. चाळण्यात आळस केलात तर वाळवंटाऐवजी बांधकामाची जागा दिसेल. मोठ्या दगडांसाठी नदीतले गोटे टाळा, गुळगुळीत कडा लगेच आकार सांगतात. खडी हातोडीने फोडून ताज्या धारेचे तुकडे घ्या आणि त्यांनाही तीच धूळ लावा. तोंडाला मास्क हवाच, ही दगडाची भुकटी आहे. मैदा वापरू नका. त्याच्या गुठळ्या होतात आणि गरम दिव्याजवळ हवेत उडालेला मैदा पेट घेऊ शकतो. हीच रोव्हर चंद्रावर न्यायची झाली तर टाल्कम पूर्ण काढा. तिथं हवा नाही, धूळ रेंगाळत नाही, सरळ कमानीत जाऊन पडते.

प्रकाशासाठी गच्ची गाठा. २४० फ्रेमला शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागतं, म्हणजे नेहमीच्या १/५० सेकंदाच्या तुलनेत दहावा हिस्सा उजेड. घरातल्या दिव्यांवर ते भागत नाही, शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि स्लो मोशनमध्ये चित्र धडधडतं. सूर्य फुकट आहे, स्थिर आहे, आणि त्याच्या सावल्या खऱ्या मैदानावरच्या सावल्यांसारख्याच समांतर पडतात. खोलीतला जवळ ठेवलेला दिवा हेच करू शकत नाही, त्याच्या सावल्या फाकतात. सकाळी आठ-साडेआठ किंवा संध्याकाळी साडेचार-पाचला, ऊन मॉडेलच्या मागून तिरकं येईल असा बोर्ड फिरवा. धूळ मागून उजळली तरच दिसते. पांढरा रिफ्लेक्टर लावू नका. आकाशासाठी मागे मोठा पुठ्ठा, फिकट पिवळसर तपकिरी, क्षितिजाकडे थोडा उजळ. मंगळाचं दिवसाचं आकाश तसंच असतं. निळसर छटा तिथं मावळत्या सूर्याभोवती दिसते, भर दिवसा निळं आकाश ठेवू नका. दूरच्या टेकड्या चुरगळलेल्या खाकी कागदाच्या, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या नेटचं कापड ताणून लावा. त्यावर ऊन पडलं की हवेतल्या धुक्याचा थर मिळतो आणि दोन फूट अंतर दोन किलोमीटर वाटतं. उदबत्तीचा धूर यासाठी नको, त्याची वेटोळी लगेच ओळखू येतात.

कॅमेरा खाली न्या. माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरली तर १/२५ ला ती ६.४ सेमी. मोबाइल उलटा धरून लेन्स मातीलगत आणा. मुख्य लेन्स वापरा. सेन्सर लहान असल्यामुळे पुढचंमागचं बऱ्यापैकी स्पष्ट राहतं, इथं मोबाइल डीएसएलआरपेक्षा सरस आहे. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

आता यान. इथं मोबाइल बाजूला ठेवा आणि डीएसएलआर घ्या, कारण यानावर गुरुत्वाकर्षणाचा हिशोब नाही, पडणारं काही नाही. म्हणून ते एकेक फ्रेम करून, लांब एक्सपोजरने टिपता येतं. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधली यानं अशीच टिपली होती: लेन्सचं छिद्र अगदी लहान, प्रत्येक फ्रेमला काही सेकंदांचं एक्सपोजर, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट. तुम्ही एफ/१६ (हे छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, आणि दोन सेकंदांपासून सुरुवात करा. एफ/२२ च्या पुढे जाऊ नका, चित्र मऊ पडायला लागतं.

यान हलवू नका, कॅमेरा हलवा. यान ६ मिमी लोखंडी सळीवर, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने, घट्ट बसवा. कॅमेऱ्यासाठी २० इंची ड्रॉवर चॅनेलची जोडी, त्यावर प्लायवुडची पट्टी, आणि पट्टीत घट्ट बसवलेल्या नटमधून जाणारा एम८ (८ मिमी व्यासाचा) आट्यांचा रॉड. या रॉडची एक फेरी म्हणजे १.२५ मिमी. पाच सेकंदांच्या १२० फ्रेमना, फ्रेममागे दोन फेऱ्या दिल्या तर कॅमेरा ३० सेमी सरकतो. लेन्स यानापासून १५ सेमीवर असेल तर एवढ्यात प्रचंड जहाज बाजूने गेल्यासारखं वाटतं. रॉडच्या टोकाला आठ भाग आखलेली पुठ्ठ्याची चकती लावा म्हणजे पाव-अर्धी फेरी मोजता येते. कॅमेऱ्याची हालचाल शॉटच्या मध्येच सुरू होत असेल तर तिच्या पहिल्या दहा-बारा फ्रेममध्ये फेऱ्या हळूहळू वाढवा, एकदम दोनवर गेलात तर झटका दिसतो. यान जवळ असताना चित्र तुटक वाटलं तर एक्सपोजरच्या पहिल्या अर्ध्या वेळात रॉड फिरवत राहा, नैसर्गिक अस्पष्टता येते.

नटमध्ये खेळ असतोच. म्हणून नेहमी एकाच दिशेने फिरवा आणि पट्टीला मागून एक किलोचं वजन दोरीने लटकवा, म्हणजे नट आट्याच्या एकाच बाजूला टेकून राहतो. हे महत्त्वाचं, कारण तोच प्रवास तीन वेळा करायचा आहे. पहिल्यांदा फक्त मुख्य दिवा, मागे काळं मखमल (काळा चार्ट पेपर चमकतो). दुसऱ्यांदा खोली अंधारी, फक्त खिडक्या आणि इंजिनचे दिवे, एक्सपोजर आठेक सेकंद. तिसऱ्यांदा यान अंधारात आणि मागचा पांढरा कागद उजळलेला, म्हणजे कापून काढायला आकृती मिळते. संगणकावर दुसरा फेरा पहिल्यावर ॲड किंवा स्क्रीन या ब्लेंड मोडने (दोन चित्रांचा उजेड एकत्र करण्याची पद्धत) बसतो आणि इंजिनचा झोत हवा तेवढा वाढवता येतो. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत किंवा ब्लेंडरमध्ये हे होतं.

फ्रेम जोडल्यावर उजेड थरथरताना दिसला तर दोष दिव्याचा असेलच असं नाही. आधुनिक लेन्सचं छिद्र दर फोटोला किंचित वेगळं बंद होतं. जुनी हाताने छिद्र बदलणारी लेन्स ॲडॅप्टरने लावणं हा पक्का उपाय. ती नसेल आणि कॅमेरा कॅननचा असेल तर डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण (फोटोआधीच छिद्र बंद करून दाखवणारं) दाबून धरा आणि लेन्स बसते त्या खाचेत, म्हणजे माउंटवर, थोडी सैल फिरवा, छिद्र तिथंच राहतं. मग लेन्स टेपने बांधा, नाहीतर पडेल.

मुख्य दिवा एकच, लहान, कडक आणि शक्य तितका लांब, तीन मीटर तरी. अवकाशात दुसऱ्या बाजूला भरणारा उजेड नसतो, ती बाजू काळी जाऊ द्या.

मॉडेलबद्दल थोडंच. रंगात शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा टाळा, एकाच करड्याच्या तीन जवळजवळच्या छटा पॅनेलवर द्या आणि शेवटी मॅट वार्निश. चकाकी राहिली तर वर केलेलं सगळं वाया जाईल. पॅनेलच्या रेषा १/१४४ प्रमाणाच्या यानावर १ मिमी रुंद कोरल्या तर त्या १४ सेमीचे चर होतात, टोकदार पेन्सिल पुरते. सनबोर्डच्या कापलेल्या कडा सच्छिद्र असतात, त्यात लांबी (पुट्टी) भरून काचपेपर मारा. थर्माकोलवर स्प्रे रंग किंवा फेविबॉन्ड थेट लावू नका, ते विरघळतं. आधी फेविकॉलचे दोन हात द्या. खिडक्यांच्या प्लास्टिकजवळ फेविक्विक नको, पांढरी वाफ बसते. आत दिवे ठेवण्यापूर्वी आतून आधी काळा रंग, मग पांढरा: काळा भिंतीतून झिरपणारा उजेड अडवतो, पांढरा उरलेला परावर्तित करतो. दिव्यांसाठी १२ व्होल्टची पट्टी आणि डीसी ॲडॅप्टर. मंद करायला डिमर लावू नका, तो लुकलुकतो आणि मोबाइलच्या शॉटमध्ये दिसतो. उजेड कमी करायचा तर खिडकीमागे बटर पेपर लावा.

पाणी आणि आग या बजेटमध्ये घेऊ नका. थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार लहान होत नाही, १/२५ ला तर अजिबात फसत नाही. स्फोट हवाच असेल तर सायकलच्या पंपाची नळी भुकटीच्या नरसाळ्याखाली आणून काळ्या मखमलीपुढे २४० फ्रेमला शूट करा आणि वर जोडा. अवकाशातला स्फोट असेल तर कॅमेरा खाली ठेवून वर बघता ठेवा, वर काचेचा तुकडा धरून. मग तुकडे खाली न पडता चहूबाजूंना फाकतात.

संगणकावर जोडताना यानाचा काळा भाग आणि तुम्ही घातलेलं आकाश यांची काळी पातळी सारखी करा. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, स्कोपवर (उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) पाहा. मग पूर्ण चित्रावर, रोव्हरच्या शॉटवरही, एकाच प्रमाणात ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा) घाला. मोबाइल आणि डीएसएलआरचे शॉट त्यानंतरच एकमेकांशेजारी ठेवून रंग जुळवा.