ड्रुइडच्या लांडग्याला मराठीत काय म्हणावं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा पात्रतक्ता (आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद) मराठीत करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, त्याच्याबरोबर राहणाऱ्या जनावरासाठी, म्हणजे ‘ॲनिमल कम्पॅनियन’साठी, कोणता शब्द घ्यावा? पाळीव प्राणी, वाहन, सहचर आणि प्राणिमित्र असे चार पर्याय त्यांनीच दिले आहेत. मी यातला एकही घेणार नाही. माझा शब्द ‘सोबती’.

प्राणिमित्र दिसायला नेमका वाटतो, पण मराठीत तो उलट्या बाजूने रुळला आहे. सर्पमित्र म्हटलं की डोळ्यांसमोर साप येत नाही, फोन केल्यावर काठी आणि पिशवी घेऊन धावत येणारा माणूस येतो. पक्षिमित्रही माणूसच. तेव्हा प्राणिमित्र म्हणजे खुद्द ड्रुइड झाला, त्याचा लांडगा नव्हे. (प्रश्नात ‘प्राणि’ ऱ्हस्व लिहिलंय हे पाहून फार बरं वाटलं. सुटा प्राणी दीर्घ, समासात प्राणिसंग्रहालयासारखा ऱ्हस्व.)

वाहनावर बसायचं असतं. २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत पहिल्या पातळीच्या ड्रुइडला घोडा, तट्टू, उंट निवडता येतात हे खरं, पण त्याच यादीत ससाणा आहे, लांडगा आहे, विषारी सापही आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, मागे गाय असते. त्यांना आपण दत्ताची वाहनं म्हणत नाही. शिवाय याच आवृत्तीत पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, खास घोडा मिळतो, वाहन हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा.

‘पाळीव’ची अडचणही अशीच. खेळातल्या बाजारात राखणीचा कुत्रा २५ सोन्याच्या नाण्यांना मिळतो. तो पाळीव. ड्रुइडचं जनावर विकत मिळत नाही. ते गेलं, किंवा ड्रुइडने त्याला मोकळं केलं, तर सलग २४ तास प्रार्थना केल्यावर नवं येतं. एकाच तक्त्यावर दोन्ही असू शकतात, मग एकच शब्द कसा चालेल? नुसतं ‘जनावर’ही नको. ‘पडवीत जनावर निघालंय’ म्हटलं की गावाकडे साप समजतात, आणि इथे तर यादीत खरोखरच साप आहे.

सहचर हा शब्द सुंदर आहे, बरोबर चालणारा. पण तो छापील आहे. ‘माझा सहचर झेप घेतो’ असं खेळताना कोणाच्या तोंडून निघणार नाही, आणि मादी असेल तर ‘सहचरी’ म्हणताच ऐकणाऱ्याला बायको आठवते.

आता सोबती. सोबत हा मूळचा अरबी ‘सुहबत’. आपल्याकडे येऊन त्याला एक खास छटा आली. ‘रात्री एकटी राहू नकोस, सोबतीला धाकटीला घेऊन जा’ असं आई म्हणते तेव्हा धाकटीने काही करावं अशी अपेक्षा नसते. तिने जवळ असावं, एवढंच. रानात एकट्या फिरणाऱ्या ड्रुइडला हेच हवं असतं. तिकडे ‘कम्पॅनियन’च्या पोटात लॅटिनमधला ‘पानिस’ म्हणजे पाव आहे. कम्पॅनियन म्हणजे मुळात एकच भाकरी वाटून खाणारा. ३.५ च्या नियमांत ही वाटणी अक्षरशः उतरली आहे. ड्रुइडने स्वतःवर मंत्र टाकला आणि जनावर ५ फुटांच्या आत असलं, तर त्याच मंत्राचा गुण त्यालाही देता येतो. एका ताटात जेवण्याचाच हा प्रकार, मला तो नियम फार आवडतो.

याच्याशी ‘फॅमिलिअर’ची, म्हणजे जादूगाराच्या दिमतीला असलेल्या जनावराची, गल्लत करू नये. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘फामुलुस’ म्हणजे नोकर, आणि त्या जनावराचं कामही तसंच. स्पर्शाने लागणारा मंत्र ते धन्याच्या वतीने शत्रूला जाऊन लावतं. त्याला मी ‘हस्तक’ म्हणेन. बातम्यांमुळे या शब्दाला थोडा काळा रंग चढलाय, पण काळ्या मांजराला तो शोभतो.

एक व्याकरणाची गोष्ट. सोबती पुल्लिंगी असला तरी वाक्यात क्रियापद जनावराप्रमाणे चालवा : ससाणा झेपावला, घार झेपावली, घुबड झेपावलं. ‘घुबड झेपावला’ कानाला खटकतं. मादी असेल तर ‘सोबतीण’ आहेच. तक्त्यावर ओळ अशी येईल : ‘सोबतीण – लांडगी. नाव – चांदी.’ त्याखाली, वेगळ्या रकान्यात, ‘पाळीव – राखणीचा कुत्रा, २५ नाणी.’