पक्की नोकरी हवी, पण कुठली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलाला दहावीला ६१ टक्के पडले. त्याला आयटीआयला जायचंय. नातेवाईक म्हणतात, आयटीआय केलं की जन्मभर हेल्पर. काय करावं? – एक पालक, बार्शी

नातेवाइकांचं म्हणणं काही ट्रेडपुरतं आणि काही संस्थांपुरतं खरं आहे. त्यामुळे आधी ट्रेड आणि संस्था ठरवा, मग नातेवाइकांना उत्तर द्या.

नोकरी टिकण्याच्या दृष्टीने आम्ही इलेक्ट्रिशियन हा ट्रेड वर ठेवतो. सरकारी कागदांवर त्याचं नाव वीजतंत्री. त्याच्यापुढे तीन वेगवेगळ्या वाटा निघतात. पहिली कारखान्यातली. दुसरी महावितरण, रेल्वे अशा ठिकाणची भरती. तिसरी म्हणजे विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून मिळणारा तारतंत्रीचा परवाना. हा परवाना मुलाच्या स्वतःच्या नावावर असतो, त्यामुळे कारखाना बंद पडला तरी हातचं काम जात नाही. फिटर, म्हणजे जोडारी, हाही चांगला. पण त्याची भिस्त बरीचशी कारखान्यांवर. एका वर्षात संपतो म्हणून कुठलाही ट्रेड घेऊ नका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला तर पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, म्हणजे शिक्षणाचं दार उघडं राहतं.

आता संस्था. फॉर्म भरण्याआधी वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. इलेक्ट्रिशियनची एक तुकडी वीस मुलांची असते. मोटारला स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी कमी, मग पूर्ण दाबावर चालवणारी जोडणी) जोडायचं काम ती वीसही मुलं स्वतःच्या हाताने करतात, की निदेशक करतात आणि मुलं वहीत आकृती उतरवतात, एवढं बघा. मोटारीची सहा टर्मिनलं, तीन कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच), एक टायमर, एक ओव्हरलोड रिले. यात स्टार आणि डेल्टाच्या कॉन्टॅक्टरमधलं इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसरा रोखणारी सोय, चुकलं तर दोन्ही एकदम चालू होतात आणि थेट शॉर्ट होतो. कारखान्यातली मुलाखत बहुतेक वेळा अशाच एखाद्या पॅनलपाशी उभं करून होते. ज्याने हे दहा वेळा जोडलंय तो हेल्पर राहत नाही. संस्थेला तुमच्या ट्रेडसाठी एनसीव्हीटीची (राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेची) संलग्नता आहे ना, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. भरतीच्या बऱ्याच जाहिरातींत ही अट असते.

प्रवेशाच्या विकल्पांत पहिला क्रमांक नीट विचार करून भरा. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो; नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. ‘बघू मिळतंय का’ म्हणून भलताच ट्रेड वर टाकणारे इथे अडकतात.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप जरूर करावी, मात्र करार केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे याची खात्री करून. नोंद नसेल तर वर्षभर राबून हाती फक्त अनुभवाचं पत्र पडतं, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. आणि अप्रेंटिसला पुढे कायम करायचं बंधन कायद्याने मालकावर नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं त्याच्या मनात असेल तर आत्ताच डोळे तपासून घ्या. या पदाला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो : चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६, रंगांधळेपणा नको, आणि चष्मा घालवणारी लॅसिक शस्त्रक्रिया केलेलीही चालत नाही. दोन संगणक परीक्षा आणि अॅप्टिट्यूड चाचणी पार करून मुलं वैद्यकीय तपासणीत गळतात. दोन-तीन वर्षांची तयारी शेवटच्या टप्प्यावर वाया जाते, आणि हे सगळं आधी कळण्यासारखं असतं.

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून आहे. सात महिने झाले की ब्रेक देतात, मग पुन्हा घेतात. कायम होण्याची शक्यता किती? – एक वाचक, चाकण

आधी तुमचा मालक कोण ते शोधा. गेटवरची पाटी बघून ते कळत नाही. नेमणूकपत्रावर सही कुणाची आहे आणि पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव कुठलं आहे, ते बघा. पासबुक उमंग अॅपवर दिसतं. तिथे ठेकेदाराचं नाव असेल तर कागदोपत्री तुम्ही ठेकेदाराचे कामगार आहात. कंपनीत जागा निघाली तरी ती आपोआप तुमची होत नाही. पीएफच नसेल आणि पगारपत्रकावर ‘स्टायपेंड’ लिहिलं असेल तर तुम्ही प्रशिक्षणार्थी. मग तुमचा करार कुठल्या योजनेखाली आहे, ते लेखी मागा.

सात महिन्यांचं गणित सरळ आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा धरली जाते आणि कामावरून कमी करताना नोटीस, भरपाई असे प्रश्न उभे राहतात. भरपाईचा हिशोब सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. ब्रेक बरोबर तिथेच का पडतो, हे वेगळं सांगायला नको. मात्र २४० दिवस भरले म्हणून माणूस आपोआप ‘परमनंट’ होत नाही. हा गैरसमज शॉप फ्लोअरवर पक्का बसलेला आहे.

करार ठरावीक मुदतीचा, म्हणजे फिक्स्ड टर्मचा असेल तर एक गोष्ट तुमच्या बाजूने बदलली आहे. एरवी ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराला एक वर्षाच्या सेवेवरही ती मिळते. हिशोब तोच : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० रुपयांवर एका वर्षाचे १०,३८५ रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे.

कायम होण्याच्या आशेवर किती थांबायचं, तर आमच्या मते दोन ब्रेक. तिसऱ्यांदा त्याच कामावर, त्याच पैशांत बोलावलं तर त्या कारखान्यात तुमच्यासाठी जागा नाही. तोवर एक करा : असेंब्ली लाइनवरून मेंटेनन्स, टूल रूम किंवा क्वालिटीत बदली मागा. लाइनवरचा माणूस आठवडाभरात शिकवून उभा करता येतो. पीएलसीवरचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरचा) फॉल्ट शोधणारा किंवा सीएमएम या अचूक मोजमापाच्या मशीनवर जॉब मोजणारा तसा मिळत नाही. मंदीत कुणाला आधी कमी करतात, ते यावरून ठरतं.

प्रश्न : बी.कॉम. आहे, वय २६, ओबीसी. तीन वर्षं पुण्यात राहून फक्त एमपीएससी केली. बँकेच्या परीक्षा द्याव्यात का? – एक वाचक, परभणी

द्याव्यात, आणि त्या आधी द्याव्यात. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कची २८, ओबीसींना तीन वर्षांची सूट धरून ३१. बँकेचं दार आधी बंद होतंय, म्हणून पुढची दोन वर्षं तिकडे घाला. अंकगणित, बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची ती तयारी राज्याच्या सरळसेवा परीक्षांनाही कामी येते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. ती निराळी तयारी, दोन्ही डगरींवर पाय ठेवून जमत नाही.

दाखल्याचं आजच बघा. बँक, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन या सगळ्यांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमीलेयर दाखला तिथे चालत नाही. तुमच्या जातीचं नाव केंद्राच्या यादीत आहे का, तेही तपासा. व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे प्रवर्ग केंद्रात नाहीतच. त्यातल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी ओबीसी म्हणून अर्ज भरायचा. एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास) दाखला केंद्रात चालत नाही; निकषांत बसत असाल तर आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा, दाखला काढावा. सेतू केंद्रावर अर्ज देताना ‘केंद्र शासनासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात नेहमीचाच कागद येतो आणि चूक कळते ती कागदपत्रं तपासणीच्या टेबलावर.

प्रश्न : मुलीला जीएनएमला घालू की बीएस्सी नर्सिंगला? – एक आई, सांगली

जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, बीएस्सी ही चार वर्षांची पदवी. फी झेपत असेल तर बीएस्सी. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरती परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कॉलेज कुठलंही असो, त्याला परिचर्या परिषदेची मान्यता यंदाची आहे ना, ते बघा. भिंतीवर लावलेलं पत्र पाच वर्षांपूर्वीचं असू शकतं. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लगेच काढा. आणि जीएनएमच घेतलं तर पहिली नोकरी निवडताना खाटांची संख्या विचारा. अनुभवाच्या पत्रावर ती संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहून घ्या. पस्तीस खाटांच्या नर्सिंग होममधली दोन वर्षं त्या अर्जात धरली जात नाहीत.