10 वर्षांच्या मुलाचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 192 आलंय, मुलगा एकदम काटकुळा आहे, तूप-तेल बंद करू का?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं बालरोगतज्ज्ञच ठरवतील, पण असले रिपोर्ट रोज हाताखालून जातात म्हणून लिहितोय.

पोराच्या वरणभातावरचं तूप काढून 192 चे 110 होणार नाहीत हो. वेफर्स-कोल्ड्रिंकवर वाढलेल्या गुटगुटीत मुलांचं सहसा ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) चढतं, आणि ते फारच चढलं असेल तर ट्यूब मशीनमध्ये फिरवून काढली की वरचं सिरम ताकासारखं पांढरट दिसतं. नुसतं एलडीएल जास्त असेल तर सिरम स्वच्छ पिवळं, बघून काही म्हणजे काही कळत नाही. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या काकांना 38 व्या वर्षी अटॅक आला, मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं जास्त कोलेस्टेरॉल, म्हणून प्रकार असतो, साधारण 250 जणांत एकाला, त्यात लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलतच नाही आणि हे जन्मापासून चालू असतं, म्हणून बारीक मुलगाही सुटत नाही. काकांकडून संशय आहे म्हणजे मुलाच्या बाबांचं लिपिड प्रोफाइल याच आठवड्यात करा, आणि त्यांच्या टाचेमागची जाड शीर (रक्ताची नाही, स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी) बोटांनी चाचपून बघा, गाठीसारखी जाड लागली तर डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, बऱ्याच रिपोर्टवर नॉर्मल रेंज मोठ्या माणसांची छापलेली असते. मुलांसाठी टोटल कोलेस्टेरॉल 170 च्या आत, एलडीएल 110 च्या आत चांगलं, 130 पासून वर जास्तच धरतात. एका रिपोर्टवर घाबरू नका, टेस्ट परत करा, सोबत थायरॉइड आणि लघवीची तपासणी पण, कारण थायरॉइड कमी असलं किंवा किडनीतून प्रोटीन जात असलं तरी एलडीएल वाढतं.

एवढ्याशा पोराला गोळ्या कशाला असं घरचे म्हणणारच. नेदरलँड्समध्ये हाच आजार असलेल्या 214 मुलांना लहानपणीच स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या) सुरू करून 20 वर्षांनी परत तपासलं, तर वयाच्या 39 पर्यंत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास सुमारे 1 टक्क्याला, आणि त्यांच्याच आजारी आईवडिलांमध्ये त्याच वयापर्यंत 26 टक्क्यांना, कारण त्यांच्या तरुणपणी ही औषधं नव्हतीच. सहसा 8 ते 10 वर्षांपासून देतात, तेही आधी काही महिने खाणंपिणं सुधारून बघून.

मुलाला सख्खं भावंड असेल तर त्याचीही टेस्ट करा, आईबाबांपैकी एकाला हे असलं तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी असते.