यार्डात उभी बोट वादळात पडली, तर जबाबदार कोण?

प्रश्न : टॅम्पाजवळ राहणाऱ्या एका वाचकाची ३४ फुटी शिडाची बोट आहे. दर वर्षी जून ते नोव्हेंबर ती फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका यार्डात, जॅक स्टँडच्या (बाजूंनी लावलेल्या टेकूंच्या) आधाराने जमिनीवर उभी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळात शेजारची बोट तिच्यावर कलंडली. कठडा वाकला, डेकला तडा गेला, दुरुस्तीला सुमारे ७ हजार डॉलर लागले. स्वतःच्या विम्याचं डिडक्टिबल (आधी आपण सोसायची रक्कम) त्याहून जास्त, त्यामुळे तिथून काही मिळालं नाही. शेजाऱ्याची विमा कंपनी म्हणते, ही 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे दैवी आपत्ती. यार्ड म्हणतं, करारात 'आम्ही जबाबदार नाही' असं लिहिलंय. याच करारात हरिकेन वॉच (वादळ येण्याची शक्यता असल्याचा इशारा) जाहीर झाल्यावर चोवीस तासांत बोट हलवण्याची अटही आहे. आणखी एक अडचण अशी की, विम्याच्या 'हरिकेन प्लॅन' फॉर्ममध्ये वाचकाने 'वादळाआधी डोलकाठी उतरवली जाईल आणि बोट जमिनीत रोवलेल्या अँकरना पट्ट्यांनी बांधली जाईल' असं लिहून दिलं आहे, आणि यार्ड आता सांगतं की पट्टे बांधायच्या जागा भरल्या. शिवाय दर वर्षी गणपतीला ते पुण्याला असतात. त्यांनी काय करावं?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र, यार्डचा करार आणि पॉलिसी वाचली. तुम्ही शेजाऱ्यापासून सुरुवात केलीत, मी विम्यापासून करतो. शेजाऱ्याकडून यायचे ते ७ हजार डॉलर आहेत. फॉर्ममधल्या त्या एका ओळीवर मात्र तुमची अख्खी बोट अवलंबून आहे.

'हरिकेन प्लॅन'चा फॉर्म बरेच जण ब्रोकरने मागितला म्हणून भरतात आणि विसरून जातात. कायद्याच्या नजरेत तो तुम्ही कंपनीला दिलेला शब्द असतो. सागरी विम्यात विमा घेणाऱ्याने सगळी महत्त्वाची माहिती आपणहून आणि खरीखुरी सांगायची असते. हा नियम फार जुना आहे, आणि फ्लोरिडा ज्या अकराव्या फेडरल सर्किटमध्ये (केंद्रीय अपील न्यायालयाच्या विभागात) येतं तिथली न्यायालयं तो काटेकोरपणे लावतात. महत्त्वाची माहिती चुकीची निघाली, तर 'माझा फसवण्याचा हेतू नव्हता' हे पटवूनही पॉलिसी वाचेलच असं नाही. तुमची बोट नुसत्या स्टँडवर उभी राहिली आणि पडली, तर कंपनी सगळ्यात आधी तो फॉर्म बाहेर काढेल.

यावर दोन निकाल तुम्हाला माहीत असायला हवेत. २०१७ च्या इर्मा वादळात फ्लोरिडातली एक यॉट बुडाली. पॉलिसीत पूर्णवेळ कॅप्टन नेमण्याची अट होती, तो नेमलेला नव्हता, म्हणून कंपनीने पैसे नाकारले. अकराव्या सर्किटने २०२१ मध्ये सांगितलं की या अटीला फ्लोरिडाचा कायदा लावायचा. त्या कायद्याचं कलम ६२७.४०९ असं म्हणतं की, विमाधारकाच्या हातात असलेल्या गोष्टीमुळे धोका वाढला असेल तरच अटभंगाच्या नावाखाली कंपनी सुटू शकते. विमाधारकांना मोठा दिलासा मिळाला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ग्रेट लेक्स विरुद्ध रेडर्स रिट्रीट' या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की, कोणत्या राज्याचा कायदा लागू होईल हे पॉलिसीत लिहिलं असेल, तर ते कलम सर्वसाधारणपणे बंधनकारक धरायचं. त्या प्रकरणातली बोट फोर्ट लॉडरडेलजवळ रुतली होती. आग लागलीच नव्हती, तरी अग्निशामक उपकरणांची तपासणी वेळेवर झाली नव्हती म्हणून कंपनीने क्लेम नाकारला होता. कोर्टाने क्लेमचा निवाडा केला नाही, फक्त कायदा निवडणाऱ्या कलमाचा केला. परिणाम मात्र दूरवर पोचला.

तुमच्या पॉलिसीच्या शेवटच्या पानावर न्यूयॉर्कचा कायदा लिहिलेला आहे. तेव्हा फ्लोरिडाच्या त्या संरक्षणावर विसंबू नका. आणि ते लागू झालं असतं तरी इथे कामी आलं नसतं, कारण पट्टे न बांधल्याने धोका खरोखरच वाढतो. जमिनीवरच्या शिडाच्या बोटीचं वजन कीलवर (तळाच्या मधल्या कण्यावर) असतं, स्टँड तिला फक्त बाजूंनी धरून ठेवतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. उभी डोलकाठी हा सगळा जोर वरून घेते आणि बोट हलवत राहते, खाली पावसाने जमीन मऊ होते, स्टँडचा एखादा पाय खचतो. समुद्राचं पाणी यार्डात शिरलं तर सगळंच संपलं: बोट स्टँडवरून तरंगून उठते आणि पाणी उतरताना कशावरही बसते. पट्टे नेमके याच दोन गोष्टी रोखण्यासाठी असतात. 'धोका वाढला नाही' असं मी कोर्टात म्हणू शकणार नाही.

म्हणून याच आठवड्यात ब्रोकरला ईमेल करा, फोन नको. यार्डने पट्ट्यांची जागा नाकारली आहे हे सांगा, आणि तुम्ही प्रत्यक्षात काय करणार आहात ते लिहा: डोलकाठी उतरवणार, शिडं व कापडी छत काढणार, स्टँडची संख्या वाढवून समोरासमोरचे स्टँड साखळीने जोडणार, पायांखाली प्लायवूड घालणार. हा बदललेला प्लॅन मान्य असल्याचं कंपनीकडून लेखी मागा. प्रीमियम वाढेल किंवा दुसरं यार्ड शोधायला सांगतील. दोन्ही त्रासाचं आहे, पण वादळानंतर क्लेम नाकारल्याचं पत्र येण्यापेक्षा बरं. त्याच ईमेलमध्ये एक चौकशी करून ठेवा: वादळाआधीच्या तयारीचा निम्मा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देण्याची सोय बऱ्याच पॉलिसींत असते. तुमच्यात असेल तर डोलकाठी उतरवण्याच्या क्रेनचं बिल जपून ठेवा.

आता यार्ड. फ्लोरिडाच्या कायद्यात 'मरीना' (बोटी ठेवण्याची व्यावसायिक जागा) या शब्दात भाड्याने दिलेलं जमिनीवरचं साठवणही येतं, त्यामुळे कलम ३२७.५९ तुमच्या यार्डाला लागू होतं. हरिकेन वॉच किंवा वॉर्निंग निघाल्यावर बोटी हलवाच अशी सक्ती मरीनांनी करू नये, असं हे कलम म्हणतं. त्यामागचं कारण कलमातच दिलंय: मालमत्तेच्या आधी माणसाचा जीव. मला हे कलम मनापासून आवडतं. वादळाच्या तोंडावर ट्रेलर घेऊन रस्त्यावर उतरलेले लोक मी पाहिलेत, आणि कुठल्याही बोटीसाठी कुणी तो धोका पत्करू नये असं मला वाटतं. तेव्हा करारातल्या त्या चोवीस तासांच्या अटीचा धसका घेऊ नका. ती तुमच्यावर लादता येणार नाही. खोल पाण्याच्या मोठ्या बंदरांतल्या मरीनांना वेगळे नियम आहेत, तुमचं यार्ड त्यात बसत नाही.

मात्र हेच कलम यार्डालाही अधिकार देतं. बोट कशी बांधायची, काय काय काढून ठेवायचं, याच्या अटी यार्ड आधीपासून घालू शकतं. वॉच निघाल्यावर ते तुमची बोट वाजवी रीतीने आणखी सुरक्षित करू शकतं आणि त्याचं वाजवी शुल्क लावू शकतं. तुम्ही बोट हलवली नाही तर यार्डने ती हलवावी यासाठी मात्र करारात तशी सूचना हवी, ती तुमच्या करारात आहे. अशा कामात वादळाने नुकसान झालं तर यार्डवर जबाबदारी येत नाही, पण बोट बांधताना किंवा हलवताना कर्मचाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असेल, तर त्याला हे कलम अभय देत नाही.

या अधिकाराचा तुम्ही उपयोग करून घ्यावा. 'आमच्या रांगेत उभ्या असलेल्या सर्व बोटींची शिडं काढणं सक्तीचं करा, ताडपत्रीच्या दोऱ्या स्टँडना बांधू देऊ नका' असं यार्डला लेखी कळवा. स्टँडला बांधलेली ताडपत्री वाऱ्याने भरली की स्टँडच ओढून काढते. यार्डने ऐकलं तर तुमची बोट वाचेल. नाही ऐकलं, तर धोका आधी दाखवून दिला होता याचा कागद तुमच्याकडे राहील.

'आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य अभेद्य नाही. जमिनीवर बोट साठवण्याचा करार सागरी करार मानला जाऊ शकतो, हे १९७९ मध्ये एव्हरग्लेड्स मरीनाच्या प्रकरणात पाचव्या सर्किटने ठरवलं, आणि त्या काळातले पाचव्या सर्किटचे निकाल (फ्लोरिडा तेव्हा त्याच विभागात होतं) आजच्या अकराव्या सर्किटला बंधनकारक आहेत. सागरी करारातल्या सूट देणाऱ्या कलमांबद्दल २००१ च्या डीझल रिपॉवर निकालात कसोट्या दिल्या आहेत: कलम स्पष्ट आणि निःसंदिग्ध हवं, ते सगळीच जबाबदारी झटकणारं नसावं, दोन्ही बाजूंची सौदा करण्याची ताकद समान असावी. तुमच्या करारात 'कोणत्याही कारणाने झालेल्या कोणत्याही नुकसानीस' असं सरसकट लिहिलंय, आणि छापील करारावर सही करण्यापलीकडे तुम्हाला बोलायला वाव नव्हता. दुसरी बाजूही सांगतो. तुम्ही बोट यार्डच्या ताब्यात दिली होती की फक्त जागा भाड्याने घेतली होती, यावर वाद होईल. तुमच्याकडे किल्ली आहे, तुम्ही हवं तेव्हा येता-जाता, हे यार्डच्या बाजूने जाईल. स्टँडना फक्त त्यांच्या माणसांनी हात लावायचा, हा नियम तुमच्या बाजूने.

पुण्याचा प्रश्न. अटलांटिकच्या वादळी हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास मानतात, आणि गणपती बहुतेक त्याच्याच मागेपुढे येतात. वॉच निघतो तो वादळी वारे पोचायच्या साधारण ४८ तास आधी. तेवढ्यात पुण्याहून टॅम्पा गाठून, क्रेनच्या रांगेत नंबर लावून डोलकाठी उतरवणं होणार नाही. माझा आग्रह असा की घरच्या गणपतीला जाणं सोडू नका, निघायच्या आधीच डोलकाठी उतरवून जा. इथल्या विश्वासातल्या एखाद्याला लेखी अधिकारपत्र द्या: यार्डशी बोलणं, खर्च मान्य करणं, फोटो काढणं. त्या व्यक्तीचं नाव यार्ड आणि विमा कंपनी दोघांना कळवा. पॉलिसीत 'मालक किंवा नेमलेली व्यक्ती' असे शब्द आहेत, म्हणजे हे चालतं. त्या व्यक्तीला एक गोष्ट बजावून सांगा: परिसर रिकामा करण्याचा आदेश निघाला की बोटीकडे फिरकायचं नाही.

राहिला शेजारी. दैवी आपत्तीचा बचाव नुसतं वादळ आलं म्हणून मिळत नाही. वाजवी काळजी घेऊनही नुकसान टळलं नसतं, हे दाखवावं लागतं. मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री सिएस्टा कीजवळ किनाऱ्याला धडकलं, आणि त्याचा इशारा कित्येक दिवस आधीपासून होता. मग विचारायचा प्रश्न असा: एवढ्या वेळात शेजाऱ्याने काय केलं? तुम्ही पाठवलेल्या आदल्या दिवशीच्या फोटोत त्यांच्या बोटीचं पुढचं शीड गुंडाळलेलं, पण जागच्या जागी दिसतंय. सोसाट्याच्या वाऱ्यात असं शीड उलगडतं आणि उभी बोट ओढून पाडतं. त्याच रांगेतल्या बाकीच्या बोटी उभ्या राहिल्या. तुमच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच असतो. यार्डमधल्या इतर मालकांकडून त्या रात्रीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो आत्ताच मागून घ्या, लोक फोन बदलतात.

दोन सावधगिऱ्या. बोट बोटीवर पडली असली तरी ती जमिनीवर पडली, म्हणून सागरी कायद्यातली तीन वर्षांची मुदत इथे धरू नका. फ्लोरिडात २४ मार्च २०२३ नंतरच्या निष्काळजीपणाच्या दाव्यांना दोनच वर्षं मिळतात, तेव्हा ९ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची तारीख धरून चाला. वाटाघाटी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. दुसरं, इथे प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या दोषापुरतेच पैसे देतो. तुम्ही फक्त शेजाऱ्याला गाठलंत, तर तो म्हणेल स्टँड यार्डने लावले होते, बहुतेक दोष त्यांचा. म्हणून नोटीस दोघांनाही एकाच दिवशी पाठवा, दुरुस्तीची बिलं आणि सर्व्हेअरचा अहवाल जोडून. तुमचा स्वतःचा दोष निम्म्याहून जास्त ठरला तर काहीच मिळत नाही, पण तुमचे फोटो पाहता ती भीती मला वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की यार्ड दाद देत नाही म्हणून पुढच्या महिन्याचं भाडं रोखायचा विचार आहे. तसं करू नका. थकलेल्या भाड्यापोटी बोट अडवून ठेवण्याचा आणि पुढे नोटीस देऊन, कोर्टात न जाता ती विकण्याचा अधिकार कलम ३२८.१७ मरीनाला देतं. भाडं वेळेवर भरा आणि सोबत एक ओळ लिहा की, 'मिल्टनमधल्या नुकसानीबाबतचे माझे सर्व हक्क राखून ही रक्कम देत आहे.'