गेम मी खेळतो, बोलतो मी, मग हक्क कंपनीचा कसा?

प्रश्न : मी गेली दोन वर्षं यूट्यूबवर गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकतो. सोबत माझी कॉमेंट्री असते. चॅनल मॉनेटाइज झालेलं आहे, म्हणजे जाहिरातींतून पैसे मिळतात. अलीकडे एका कथाप्रधान गेमची पूर्ण मालिका टाकली. तिच्या तीन भागांवर मी कधी नावही न ऐकलेल्या एका कंपनीचा क्लेम (कॉपीराइट आमचा असल्याचा दावा) आला, दोन भागांवर खुद्द गेमच्या कंपनीचा. शेवटचा भाग तर काढूनच टाकला आणि चॅनलला कॉपीराइट स्ट्राइक बसला. एक मित्र म्हणतो, हा फेअर यूज (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायद्यातली मुभा) आहे, सरळ काउंटर नोटिफिकेशन (काढलेला व्हिडिओ परत आणण्यासाठीची कायदेशीर नोटीस) पाठव. दुसरा म्हणतो, सगळी मालिका डिलीट कर. गेम मी पैसे देऊन घेतला, खेळतो मी, बोलतो मी. मग हक्क त्यांचा कसा? आणि आता काय करू?

उत्तर : काउंटर नोटिफिकेशन अजून पाठवलं नसेल तर इतक्यात पाठवू नका. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण तिथला गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट घेता येणार नाही.

पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकण्याचा हक्क मिळत नाही, तसंच गेमचं आहे. तुम्ही घेतलेला असतो तो खेळण्याचा परवाना. त्यातली चित्रं, पात्रं, संवाद, संगीत, कटसीन (खेळ थांबून चालणारे कथेचे प्रसंग) यांचा कॉपीराइट गेमच्या निर्मात्याकडेच राहतो. "पण प्रत्येक जण वेगळं खेळतो, म्हणून पडद्यावर दिसतं ते माझं" हा युक्तिवाद फार जुना आहे. अमेरिकेत १९८२ साली 'स्क्रॅम्बल' नावाच्या गेमवरून खटला झाला. तो वाद नकली गेम मशिनचा होता, व्हिडिओंचा नव्हता. पण खेळणाऱ्यागणिक दृश्यं बदलतात म्हणून गेमच्या दृकश्राव्य रूपाला संरक्षण मिळू नये, हेच म्हणणं तिथे मांडलं गेलं. अपील न्यायालयाने ते फेटाळलं. खेळणारा काहीही करो, दृश्यांचा आणि आवाजांचा मोठा भाग पुन्हा पुन्हा तोच येतो आणि तो निर्मात्याचा आहे, असं न्यायालय म्हणालं. तुमची कॉमेंट्री मात्र निःसंशय तुमची. म्हणजे तुमच्या व्हिडिओत दोघांची मालमत्ता एकमेकींत मिसळलेली आहे, आणि दुसऱ्याच्या वाट्याची परवानगी तुम्हाला लागते.

दिलासा असा की ही परवानगी बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःहून देतात. व्हिडिओ करणारे बहुतेक जण हे व्हिडिओ फेअर यूजमुळे टिकून आहेत असं समजतात. खरं तर ते टिकून आहेत ते कंपन्यांनी लिहून दिलेल्या अटींवर. मायक्रोसॉफ्टच्या नियमावलीत यूट्यूबसारख्या ठिकाणी जाहिरातींचं उत्पन्न घ्यायला मुभा आहे. वाल्व्हही ती देते, पाहणाऱ्यांकडून पैसे आकारायला मात्र मनाई करते. निन्टेन्डोचा प्रवास यात बोलका आहे. २०१३ मध्ये तिने लोकांच्या व्हिडिओंवरचं जाहिरात उत्पन्न क्लेम करून स्वतःकडे वळवायला सुरुवात केली. २०१५ मध्ये नोंदणी करणाऱ्या निर्मात्यांना त्यातला ६० ते ७० टक्के वाटा देणारी योजना आणली. २०१८ च्या अखेरीस तीही बंद केली आणि साधी नियमावली जाहीर केली: व्हिडिओत तुमची स्वतःची सर्जक भर आणि कॉमेंट्री असेल, तर ठरलेल्या व्यासपीठांच्या अधिकृत योजनांतून कमाई करा. एकाच कंपनीने थोड्या वर्षांत आपलं धोरण इतकं बदललं. म्हणून तुमच्या गेमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन व्हिडिओ धोरणाचं पान आजच वाचा, तारखेसह जपून ठेवा. तुमची बाजू किती भक्कम आहे ते त्या पानावर ठरेल.

आता क्लेमकडे. तुम्ही सहाही भागांचा एकच प्रश्न केला आहे. ते तीन वेगळे प्रश्न आहेत.

अनोळखी नावाचे तीन क्लेम बहुधा संगीताचे असावेत. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा जमा केलेल्या नमुन्यांशी आवाज आणि चित्र जुळवते, आणि गेममधलं गाणं पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचं असतं. डिसेंबर २०१३ मध्ये गेमप्ले व्हिडिओंवर असे क्लेम एकदम कोसळले, तेव्हा कॅपकॉम आणि ब्लिझार्डसारख्या गेम कंपन्यांनाच व्हिडिओ करणाऱ्यांना सांगावं लागलं की हे आमच्याकडून नाही, तुम्ही हरकत घ्या. तेव्हा क्लेमचा तपशील उघडा. नेमकी कोणती सेकंदं आणि काय जुळलं ते तिथे दिसतं. एखादं परवाना घेतलेलं गाणं निघालं तर भांडत बसू नका. तेवढा तुकडा कापण्याची, गाणं गप्प करण्याची किंवा बदलण्याची सोय यूट्यूबच्या एडिटरमध्येच आहे, आणि तसं केल्यावर क्लेम सुटतो. गेम कंपनीची परवानगी अशा गाण्यांना लागू होत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 'सायबरपंक २०७७' सारख्या गेममध्ये परवान्याचं संगीत बंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्येच दिला आहे तो याचसाठी. जुळलेलं संगीत गेमचं मूळ पार्श्वसंगीत असेल आणि कंपनीच्या धोरणात त्याला मुभा असेल, तर मात्र डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) जरूर करा आणि कारण म्हणून परवानगी दाखवा, धोरणातलं वाक्य उद्धृत करून.

डिस्प्यूटचं घड्याळ लक्षात ठेवा. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न निकालापर्यंत राखून ठेवतात. उशीर केला तर हरकत घेतलेल्या दिवसापासूनचं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्याने मौन पाळलं तर क्लेम संपतो. त्याने नकार दिला तर तुम्ही अपील करू शकता आणि त्यावर त्याला ७ दिवस मिळतात. जपायचं ते इथे: अपीलही नाकारायचं असेल तर त्याला व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करावी लागते, आणि ती वैध ठरली तर स्ट्राइक बसतो. नुसत्या क्लेमने चॅनलला धोका नसतो. स्ट्राइकने असतो. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं, आणि तुमचा एक आधीच झाला आहे. म्हणून सगळ्या क्लेमवर एकाच वेळी अपील करायचा मोह आवरा. सर्वांत भक्कम बाजू असलेला एक भाग निवडा, त्याचा निकाल लागू द्या.

गेमच्या कंपनीचे दोन क्लेम वाचताना स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की त्या दोन भागांत मी बोलत होतो का. लांबलचक कटसीन चालू असताना पाचपाच मिनिटं गप्प बसलेले निर्माते मी बरेच पाहिले आहेत. त्या तुकड्यात तुमचं काहीच नसतं आणि धोरणातली सर्जक भरीची अटही पाळली जात नाही. तसं असेल तर ते भाग छाटून घ्या.

शेवटच्या भागाचं प्रकरण सर्वांत नाजूक आहे. कथाप्रधान गेममध्ये शेवट पाहिला की अनेकांना गेम घेण्याचं कारण उरत नाही, म्हणून कंपन्या तिथे कडक होतात. २०१७ मध्ये 'पर्सोना ५' च्या अ‍ॅटलस कंपनीने गेममधल्या कॅलेंडरची एक तारीख ठरवून त्यापुढचं प्रक्षेपण करू नका असं बजावलं होतं. टीका झाल्यावर तारीख पुढे नेली, पण मर्यादा ठेवलीच. जपानमध्ये तर २०२३ साली सेंदाईच्या न्यायालयाने कथा आणि शेवट दाखवणारे गेमप्ले व्हिडिओ टाकून जाहिरातींतून कमावणाऱ्या एकाला दोन वर्षांची स्थगित कैद आणि दहा लाख येनचा दंड सुनावला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. 'सगळेच टाकतात' हा बचाव कुठल्याच न्यायालयात चालत नाही, एवढं त्यातून कळावं.

मग फेअर यूजचं काय? अमेरिकी कायदा चार गोष्टी तोलतो: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर परिणाम काय. भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये याहून अरुंद वाट आहे. तुमच्यासारख्याच्या कामाचा त्यातला अपवाद टीका किंवा समीक्षा हाच. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एक प्रतिक्रिया-व्हिडिओ फेअर यूज ठरवला, पण तिथे निर्माते दर थोड्या वेळाने थांबून मूळ व्हिडिओची चिरफाड करत होते. सगळे मिळून बसून बघितल्यासारखे व्हिडिओ वेगळे, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. तुम्ही पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत अख्खा गेम दाखवला आहे. समीक्षेसाठी निवडक तुकडे घेतले असते तर मी तुमच्या बाजूने ठामपणे उभा राहिलो असतो; पूर्ण मालिकेसाठी या आधारावर लढा असं मी सांगणार नाही.

म्हणूनच काउंटर नोटिफिकेशन थांबवायला सांगितलं. तो तक्रारीचा फॉर्म नाही. त्यात तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो, खोटं बोलल्यास शपथभंगाची जबाबदारी येते, आणि परदेशात राहत असलात तरी अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र तुम्ही मान्य करता. तक्रारदाराने १० कामकाजी दिवसांत दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. दिला तर तुम्ही प्रतिवादी होता, आणि तिथे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरू शकते. व्हिडिओ चुकून काढला गेला किंवा तुमच्याकडे लेखी परवानगी आहे, अशाच वेळी हे हत्यार उचलावं.

त्याऐवजी तक्रार मागे घेण्याची विनंती करा. काढलेल्या व्हिडिओच्या नोटिशीत तक्रारदाराचा ईमेल असतो. मजकूर छोटा ठेवा: व्हिडिओचं नाव, तुमच्या कॉमेंट्रीचं स्वरूप, त्यांच्या धोरणातलं कोणतं वाक्य तुम्ही पाळत होता, शेवटचा भाग पुन्हा टाकणार नाही किंवा छाटून टाकाल याची तयारी, आणि तक्रार मागे घेण्याची विनंती. राग, चाहत्यांची संख्या, 'तुमचीच जाहिरात होते' हे सगळं वगळा. कंपनीच्या कायदा विभागात बसलेल्या माणसाला होकार द्यायला कारण हवं असतं, ते द्या.

मात्र लिहिण्याआधी तो ईमेल खरोखर कंपनीचा आहे का ते तपासा. २०२२ मध्ये 'डेस्टिनी २' च्या व्हिडिओंवर बंजी कंपनीच्या नावाने खोट्या तक्रारी झाल्या. त्यांत बंजीचे स्वतःचे व्हिडिओही निघाले, आणि कंपनीला तोतयाविरुद्ध खटला भरावा लागला. फुकट मिळणाऱ्या ईमेल सेवेचा पत्ता असेल, किंवा तक्रार मागे घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर उत्तर देऊ नका. कंपनीच्या अधिकृत संपर्क पानावरून विचारा. खोटेपणा पुराव्यानिशी दिसला, तर काउंटर नोटिफिकेशनची वेळ तीच.

दुसऱ्या मित्राचा सल्लाही मानू नका. व्हिडिओ डिलीट केल्याने बसलेला स्ट्राइक जात नाही. तो तक्रार मागे घेतल्याने, काउंटर नोटिफिकेशन यशस्वी झाल्याने किंवा यूट्यूबचं कॉपीराइट स्कूल पूर्ण करून ९० दिवस गेल्याने जातो. मालिकेचे उरलेले भाग कंपनीचं उत्तर येईपर्यंत खासगी करून ठेवा, म्हणजे मधल्या काळात नवी तक्रार ओढवणार नाही. प्रत्येक क्लेमचे आणि ईमेलचे स्क्रीनशॉट, मूळ फाइल आणि उत्पन्नाचा तपशील वेगळ्या ठिकाणी साठवा. विनंतीला लेखी नकार आला तर ही सगळी कागदपत्रं घेऊन कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला भेटा.