नानम्माचं सूप चित्रात काढू द्यावं का?

प्रश्न: आम्ही मूळचे सोलापूरच्या पूर्व भागातले, अकरा वर्षं टोरंटोत आहोत. मुलीला शाळेसाठी 'आमचं कुटुंब इथवर कसं आलं' यावर चित्र काढायचंय. तिला नानम्मा, म्हणजे तिची आजी, मांडीवर सूप घेऊन विडी वळताना दाखवायची आहे. वर्गात तंबाखू कशाला? मी म्हणते, सिद्धेश्वराचं देऊळ काढ. – एक आई

उत्तर: ताई, तळ्यातलं देऊळ कॅलेंडरवर आहेच की. सूप कुठल्या कॅलेंडरवर बघितलंय का तुम्ही?

काढू द्या. मांडीवर सूप, ओलसर तेंदूपानं, पत्र्याच्या मापानं पान कापणारी कात्री, बोटात दोरा. तंबाखूबद्दल कुणी विचारलंच, तर पोरीनं सांगावं: नानम्मा विडी ओढत नव्हती, वळत होती. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांना 10,000 घरं मिळाली ती 2006 साली. स्वतःच्या दाराची किल्ली हातात यायला किती हजार विड्या लागल्या, त्याचा हिशेब कोण ठेवणार!

आणि विमान नको. सगळीच पोरं विमान काढतात. तुमच्या घराचं स्थलांतर काही विमानतळावर सुरू झालं नाही. तुमच्याकडे आजीला तेलुगूत नानम्मा म्हणतात, म्हणजे घरातलं कुणीतरी मागाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात आलेलं असणार. तेही परगावच होतं, भाषाही परकी.

चेहरा जमत नाही म्हणून पोर रडकुंडीला आली, तर चित्रकार एम. एफ. हुसेन यांची गोष्ट सांगा. आपल्याच जिल्ह्यातला माणूस: जन्म पंढरपूरचा, 1915 चा, शेवट लंडनमध्ये, 2011 साली. आई अगदी लहानपणीच गेलेली. मदर तेरेसांच्या चित्रांत त्यांनी निळ्या काठाची पांढरी साडी रंगवली, चेहरा कोराच ठेवला. नानम्माचे नुसते हात काढले तरी पुष्कळ.

कपाटात सोलापुरी चादर असेलच. ती उलटून बघा. पुढून लाल जमिनीवर पांढरं फूल, मागून पांढऱ्या जमिनीवर लाल. विणकर तेच, सूत तेच. पोरीला म्हणावं, कागदाच्या एका बाजूला सोलापूर काढ, दुसऱ्या बाजूला रंगांची अदलाबदल करून टोरंटो. (ही युक्ती मला स्वतःलाच फार आवडली, म्हणून जरा आग्रह धरतोय.)

रंगवायला बसण्याआधी तुमच्या सकाळी नानम्माला व्हिडिओ कॉल लावा, तिथं संध्याकाळ असते. मध्ये तुम्ही बोलू नका. तेलुगू-मराठी-इंग्रजीची खिचडी झाली तर होऊ द्या. हजार विड्यांचे तेव्हा किती मिळायचे, हे पोरीलाच विचारू दे.