इराणी गालिचा हाताने गाठी मारून विणलेला आहे, हे दुकानात कसं ओळखावं?

आधी गालिचा उलटा करा. पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट हवी आणि गाठी किंचित लहानमोठ्या दिसायला हव्यात. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर ते बहुधा टफ्टेड काम: लव, म्हणजे वरचे उभे तंतू, गाठीने नव्हे, डिंकाने धरलेली. काही वर्षांनी डिंक सुकून त्याचा भुगा पडतो. मग टोकांच्या सुट्या धाग्यांच्या दशा पाहा. त्या ताण्याचेच, म्हणजे विणीतले उभे, धागे असतात. वरून शिवलेल्या दिसल्या तर कारण विचारा, कारण जुन्या गालिच्यात ती दुरुस्तीही असू शकते.

इराणमधल्या तब्रिझ शहरात विणीचा बारकावा ‘रज’मध्ये सांगतात, म्हणजे सुमारे ७ सेंमी रुंदीतल्या गाठी. ५० रज म्हणजे चौरस मीटरला ५ लाखांहून जास्त. नाईन या इराणी शहरातल्या गालिच्यांना ‘शिश-ला’ (६), ‘नोह-ला’ (९) म्हणतात. हे ताण्याच्या धाग्यातले पदर, आकडा लहान तेवढं काम बारीक.

गाठीच्या नावावरून गाव मात्र ठरवू नका. असममित गाठीला (ताण्याच्या दोन धाग्यांपैकी एकालाच पूर्ण वेढा घालणारी) ‘सेन्ने’ म्हणतात, पण खुद्द सेन्नेत, म्हणजे आजच्या सनंदजमध्ये, सममित गाठच (दोन्ही धाग्यांना वेढा घालणारी) बांधतात!

एकाच रंगात आडवे फिके-गडद पट्टे असतील तर तो ‘अबरश’, लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवल्याची खूण, दोष नव्हे. शेवटी ओला पांढरा रुमाल लाल भागावर दाबून धरा. रुमालावर रंग आला तर घेऊ नका, पहिल्याच धुलाईत तो पांढऱ्यात पसरेल.